तहसीलच पाण्यात गेली, तर काम कोण चालू ठेवतं?



मागच्या महिन्यात आमच्या प्रभागातल्या एका ग्रामसंघाच्या बैठकीत पावसाळ्याच्या तयारीचा विषय निघाला. नाला, धान्य, गुरं, सगळं बोलून झालं. मग मागं बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "पाणी आलं की आपण तहसीलीत जातो. पण तहसीलच पाण्यात गेली, तर कुणाकडं जायचं?" सगळ्या हसल्या. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सरकारी खात्यांत या प्रश्नावर काम करणारी माणसं असतात, त्याचे आराखडे असतात, त्यासाठी कायदाही आहे. आपत्तीनंतर कारभार पुन्हा उभा कसा करतात, तो कोण करतं आणि त्यात आपल्या बायकांच्या कामाचा नंबर कितवा लागतो, हे आज बघू.

आपत्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं बोटी, जवान, जेवणाची पाकिटं येतात. हा झाला बचाव आणि मदत. टीव्हीवर तेवढंच दिसतं. पण त्याच दिवशी दुसरं एक काम सुरू झालेलं असावं लागतं. घरात मयत झाली तरी गोठ्यातली म्हैस धारेला थांबत नाही. कुणीतरी डोळे पुसून बादली घेऊन उठतंच. तसंच तालुक्याला पूर आला म्हणून बाळंतपणं थांबत नाहीत, बाळाची लस थांबत नाही, निराधार पेन्शनवर जगणाऱ्या आजीची भूक थांबत नाही. तेव्हा जे बंद पडून चालणार नाही ते चालू ठेवायचं आणि जे बंद पडलं ते ठरल्या क्रमानं पुन्हा सुरू करायचं. आपण याला आजच्यापुरतं 'कारभार सावरणं' म्हणू. बचाव दोन-चार दिवसांत संपतो. सावरणं कधी कधी चार-पाच वर्षं चालतं.

आपल्या मराठवाड्यानं हे सगळ्यात जवळून पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे चार वाजायचे होते. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूर परिसरात जमीन हादरली. जवळपास आठ हजार माणसं गेली. घरं दगडमातीची, भिंती हातभर जाड, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर झोपलेल्या माणसांवर आलं. देशाच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आदल्या वर्षी लहान हादरे बसले होते, तरी एवढं काही होईल असं कुणी धरलं नव्हतं.

आता विचार करा, अशा वेळी सरकारपुढं पहिला प्रश्न काय असतो? पैसा नंतर येतो. पहिला प्रश्न असतो, कोण होतं, कोण गेलं, कोण उरलं, कुणाचं काय होतं. आणि याचं उत्तर देणारी कागदं कुठं असतात? रेशनकार्ड, पासबुक, सातबाऱ्याचा उतारा सगळं घरात, फळीवरच्या डब्यात. घर तर ढिगाऱ्यात. अशा वेळी माणसाच्या घराबाहेर त्याची जी नोंद असते ती कामाला येते. तहसीलीत, पंचायतीत, मतदार यादीत, शाळेच्या पटावर. ज्याचं नाव बाहेर कुठंतरी आहे, त्याला आपण कोण हे सांगणं सोपं जातं. ज्या बाईचं नाव कुठंच नाही, तिला दोन साक्षीदार शोधत फिरावं लागतं. आणि साक्षीदार व्हायला शेजारपाजार तरी उरायला हवा ना.

प्रवीणसिंह परदेशी तेव्हा लातूरचे जिल्हाधिकारी होते. मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी तिथं पोचले. लष्कर आलं, संस्था आल्या, देशभरातून मदत आली. पुढं जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४ साली मोठा पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला आणि काही वर्षं चालला. शिक्षणाचीही काळजी झाली. भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं पुण्याला नेऊन शिकवली. शाळा पडली म्हणून शिक्षण पडू नये, हेसुद्धा कारभार सावरणंच आहे.

सरकारनं गावांचे तीन गट केले. पार उद्ध्वस्त झालेली ५२ गावं दुसऱ्या जागी नव्यानं वसवायची. वीस-बावीस गावं त्याच जागी पुन्हा बांधायची. आणि जिथं घरं तडकली होती, झुकली होती, पण उभी होती, तिथं दुरुस्ती आणि मजबुती करायची. या तिसऱ्या गटात जवळपास दोन लाख घरं होती.

नव्यानं वसवलेल्या गावांत घर किती मोठं मिळणार, हे कुटुंबाकडं किती जमीन होती त्यावर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, त्यापुढं सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्याहून मोठ्या शेतकऱ्याला ७५० चौरस फूट. म्हणजे जमिनीच्या नोंदीवर घराचं माप पडलं. हा नियम बरोबर होता का? मला विचाराल तर नव्हता. भूकंपानं जमीन बघून घर पाडलं नव्हतं आणि मजुरी करणाऱ्या बाईच्या घरातही माणसं तेवढीच असतात. पण नियम कसाही असो, तो लागू कशावर होतो ते बघा. कागदावर. नोंद चुकीची असली तर नुकसान कायमचं होतं, कारण सिमेंटचं घर काही मागाहून ओढून मोठं करता येत नाही.

दुरुस्तीचं काम वेगळं होतं. तिथं ठेकेदार नव्हता. पैसे हप्त्याहप्त्यानं घरमालकाच्या खात्यात, काम त्यानं स्वतः करून घ्यायचं, इंजिनिअरनं येऊन बघायचं, मग पुढचा हप्ता. कागदावर सुरेख. गावात मात्र गाडी अडली. पहिला हप्ता आला, दुसरा का आला नाही ते कळेना. भिंतीत आरपार दगड का घालायचा, माळवदावरची माती का उतरवायची, छताखालून पट्टा का फिरवायचा, हे पटेना. इंजिनिअर येई तेव्हा घरमालक शेतात, घरमालक घरी असे तेव्हा इंजिनिअर दुसऱ्या गावात. आणि दिवसभर घरी कोण असे? बाई. तिला कुणी काही विचारतच नव्हतं.

मग सरकारनं एक गोष्ट केली, जी मला या सगळ्यात सगळ्यात मोलाची वाटते. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभागाच्या कामासाठी सल्लागार नेमलं आणि गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून कामाला लावलं. शेकडो गावांत. या बायका काय करायच्या? हप्ता कुणाचा अडलाय ते लिहून न्यायच्या. बँकेत बरोबर जायच्या. गवंड्यानं रेती-सिमेंटचं प्रमाण बरोबर धरलंय का ते उभं राहून बघायच्या. इंजिनिअर कधी येणार ते आधी सांगायच्या. ग्रामसभेत यादी वाचून दाखवायला लावायच्या. ज्या बाईनं आजवर पुरुषांसमोर चावडीची पायरी चढली नव्हती, ती ओळंबा लावून भिंत तपासू लागली. काम पुढं सरकलं. त्यांतल्याच बायकांनी पुढं बचत गट बांधले. २००१ साली गुजरातेत भूकंप झाला तेव्हा इथल्या बायका कच्छला गेल्या आणि तिथल्या बायकांना आपण काय केलं ते सांगून आल्या.

सरकारकडं पैसा होता, इंजिनिअर होते, नियम होते. घराच्या उंबऱ्यापासून कचेरीच्या टेबलापर्यंत खबर नेणारं आणि आणणारं माणूस नव्हतं. असा माणूस आधीच ठरलेला असावा लागतो. किल्लारीत तो ठरवण्यात वेळ गेला.

आता कायद्याकडं येऊ. २००५ साली केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असतं. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. राज्याच्या प्राधिकरणाचे प्रमुख मुख्यमंत्री. शिवाय राज्य सरकारच्या प्रत्येक खात्यानं स्वतःचा आपत्तीचा आराखडा करायचा असतो. आरोग्य खात्याचा वेगळा, पाणीपुरवठ्याचा वेगळा. हे आराखडे काही गुपित नसतात. जिल्ह्याचा आराखडा बहुतेक ठिकाणी जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर ठेवलेला असतो.

असा आराखडा करणाऱ्या अधिकाऱ्याला कशाकशाचा विचार करावा लागतो? पहिलं म्हणजे, कुठलं काम किती वेळ बंद राहिलेलं चालेल. पिण्याचं पाणी आणि त्यातला टीसीएल एक दिवसही बंद चालत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसी दोन ते आठ अंश तापमानातच ठेवाव्या लागतात, म्हणजे वीज गेल्यावर तिथं हाताशी तासच असतात. बाळंतपणाला तर तेवढेही नसतात. रेशन चार-सहा दिवस. पेन्शन महिन्याच्या तारखेला. लग्नाची नोंद महिनाभर थांबली तरी कुणाचं काही बिघडत नाही. बांधकामाची परवानगी दोन महिनेसुद्धा थांबेल. असा क्रम शांतपणे, उन्हाळ्यात बसून लावायचा असतो. पाणी दारात आल्यावर जो जोरात बोलतो त्याचं काम पहिलं होतं, आणि जोरात बोलणाऱ्यांत आपल्या विधवा, परित्यक्ता, मजुरीवाल्या बहिणी फार नसतात.

माझं म्हणणं असं आहे की सगळा खेळ या क्रमात आहे. लोक मदतीच्या यादीसाठी भांडतात आणि भांडायलाच हवं. पण कुठलं काम आधी सुरू होणार, ही यादी त्याच्याही आधी लिहिली जाते आणि ती लिहिताना आपण तिथं नसतो. अंगणवाडीचा आहार कितव्या दिवशी सुरू होणार, गरोदर बाईला गावातून कुठल्या रस्त्यानं काढणार, संजय गांधी निराधारचे पैसे बँकच बंद असेल तर कुठं मिळणार, हे कुणी विचारलं नाही तर ते लिहिलं जात नाही. वाईट हेतूनं नव्हे हो. लिहिणाऱ्याच्या घरी कुणी त्या पैशावर जगत नसतं, एवढंच.

दुसरा विचार माणसांचा. एक चूक सगळीकडं होते. आपत्ती आली की सगळा कर्मचारीवर्ग पंचनाम्याला पाठवायचा. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, शिक्षक, सगळे. मग पंधरा दिवस कचेरीत गेलं की उत्तर एकच, "साहेब पंचनाम्याला गेलेत." म्हणून चांगल्या आराखड्यात दोन तुकड्या आधीच वेगळ्या नेमतात, एक आपत्तीसाठी आणि एक रोजच्या कामासाठी. प्रमुख जागेवर नसेल तर कुणाच्या सहीनं काम चालेल, तो नसेल तर पुढचा कोण, हेही नावानिशी लिहितात. आणि कर्मचारी स्वतः आपत्तीत सापडलेला असू शकतो हे धरून चालतात. ज्या तलाठ्याच्या घरात गुडघाभर पाणी आहे, तो तुमच्या घराचा पंचनामा कसा करणार? त्यासाठी शेजारच्या तालुक्यातली माणसं आधीच ठरवून ठेवायला हवीत.

तिसरा विचार जागेचा. कचेरी पडली, बुडाली, जळाली तर दुसऱ्या दिवशी बसायचं कुठं? शाळेत, समाजमंदिरात, बाजार समितीत? तिथं वीज आहे का, टेबल आहे का, शिक्का कुणाकडं आहे? मोबाइलचे टॉवर बंद पडले तर पोलिसांचा वायरलेस चालतो का? (जाता जाता सांगते, सेलवर चालणारा साधा रेडिओ घरात ठेवा. टॉवर पडला तरी प्रसारण चालू असेल तर तो बोलतो. मी रेडिओवर बोलते म्हणून नाही सांगत.)

जागेचं उदाहरण आपल्या राज्याच्या कारभाराच्या मुख्य इमारतीतच आहे. २१ जून २०१२ रोजी दुपारी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झाली आणि वर चढली. सहाव्या मजल्यावरचं मुख्यमंत्र्यांचं कार्यालयही जळालं. पाच माणसांचा जीव गेला. फायलींचे ढीगच्या ढीग राख झाले. राज्य मात्र चालू राहावं लागलं. खालच्या मजल्यांवरची कामं काही दिवसांत सुरू झाली आणि अनेक विभाग जवळच्या जी. टी. रुग्णालयाच्या आवारातल्या इमारतीत आणि इतर ठिकाणी हलवून बसवले गेले.

जळालेल्या फाइलचं काय होतं? पत्रव्यवहाराला नेहमी दोन टोकं असतात. मंत्रालयातून गेलेलं पत्र जिल्ह्यात पोचलेलं असतं, जिल्ह्यातून आलेल्या प्रस्तावाची प्रत जिल्ह्यातच असते. त्या प्रती गोळा करून फाइल पुन्हा बांधावी लागते. कटकटीचं काम आहे, पण होतं. त्या दिवसांत कुणी म्हणत होतं, आता आपले सातबारे जळाले. तसं नव्हतं. सातबारा मंत्रालयात नसतो, तो तलाठी आणि तहसील पातळीवर असतो. ज्या कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या गावात असते, तो एका आगीत मरत नाही.

आता तर बऱ्याच नोंदी संगणकावर आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. पण संगणक म्हणजे तरी काय, कुठंतरी ठेवलेलं यंत्रच. त्यालाही पाणी लागतं, आग लागते. म्हणून सरकारी माहिती एका ठिकाणी ठेवून भागत नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची मोठी माहिती केंद्रं दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर अशा दूरदूरच्या गावी आहेत. माहितीची दुसरी प्रत मुद्दाम वेगळ्या भूकंपपट्ट्यात ठेवतात, म्हणजे एकाच धक्क्यात दोन्ही जायला नकोत. आपण घराची दुसरी किल्ली शेजारणीकडं देतो, त्याच घरातल्या खुंटीला नाही टांगत. तसंच.

हे काम करणारे लोक एक फार चांगला प्रश्न विचारतात. आपल्या किती दिवसांच्या नोंदी गेल्या तर आपल्याला चालेल? रोज रात्री दुसरी प्रत होत असेल तर फार तर एका दिवसाच्या नोंदी जातील. महिन्यातून एकदा होत असेल तर महिन्याच्या. कधीच होत नसेल तर सुरुवातीपासूनच्या सगळ्या.

हा प्रश्न आपल्या गटाला लावून बघा. बचतीचे पैसे बँकेत आहेत, त्याची नोंद बँकेत आहे, पासबुक भिजलं तर नवं मिळतं. पण अंतर्गत कर्ज? कुणी किती उचललं, किती फेडलं, व्याज किती राहिलं? बँकेला गटाच्या खात्यातून पैसे निघालेले दिसतात, ते कुणाच्या हातात गेले ते दिसत नाही. ते फक्त आपल्या खतावणीत असतं, आणि खतावणी पेटीत, आणि पेटी सचिव ताईंच्या पलंगाखाली. माझ्या ओळखीच्या एका गटाची पेटी अशीच पुराच्या पाण्यात राहिली. बँकेतला पैसा रुपयान् रुपया सुखरूप होता. गट मात्र मोडला. कारण कर्ज कुणाकडं किती, यावर दोन बहिणींसारख्या राहणाऱ्या शेजारणींत जो वाद पेटला तो विझलाच नाही. बाईनं फेडलेलं कर्ज पुन्हा तिच्या नावावर दाखवलं गेलं, तर तिनं पुरावा आणायचा कुठून?

याच्या उलट केरळात बघा. २०१८ साली तिथं मोठा पूर आला. तिथल्या बायकांचं कुटुंबश्री हे जाळं १९९८ पासूनचं आहे. कुटुंबश्रीच्या बायकांनी चिखलानं भरलेली घरं साफ केलीच, पण पुढं सरकारनं पूरग्रस्त कुटुंबांना घरातली वस्तू आणि रोजगार पुन्हा उभा करायला एक लाख रुपयांपर्यंतचं कर्ज द्यायचं ठरवलं, तेव्हा ते बायकांच्या या शेजारगटांमार्फतच दिलं. व्याज राज्यानं सोसलं. सरकारला गावात पोचायला नवी माणसं नेमत बसावं लागलं नाही. गट होते, म्हणून रस्ता तयार होता.

आता हक्काचं बोलते, कारण हे फार कमी जणींना माहीत असतं. २००५ च्या कायद्यात मदतीचे किमान निकष ठरवताना विधवा आणि अनाथ यांच्यासाठी खास तरतूद करायला सांगितलंय. त्याच कायद्यात म्हटलंय की मदत आणि भरपाई देताना स्त्री-पुरुष, जात, समाज, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करायचा नाही. नैसर्गिक आपत्तीत माणूस गेलं तर वारसाला ४ लाख रुपये मिळतात. पण वारस म्हणजे कोण, हे कागद ठरवतो. मृत्यूचा दाखला आणि पंचनामा लागतो, कुटुंबातलं नातं दाखवावं लागतं. नवरा गेला, लग्नाची नोंद नाही, रेशनकार्डावर अजून माहेरचं नाव, आणि दीर पैशाला हात लावायला पुढं, असं चित्र आपण पाहिलेलं आहे. दुसऱ्या बाजूनं, खोटा दावा करून मदत लाटणाऱ्याला याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, हेही गावात माहीत असू द्या.

तेव्हा आपत्तीची तयारी करताना शिदोरी आणि बॅटरीबरोबर नावांकडं बघा. घराच्या नमुना आठवर तुमचं नाव आहे का? नसेल तर ग्रामपंचायतीत अर्ज करता येतो. सातबाऱ्यावर नवऱ्याला आपलं नाव सहहिस्सेदार म्हणून लावून घेता येतं, त्याला लक्ष्मी मुक्ती योजना म्हणतात. तलाठी कार्यालयात विचारा. नवरा नाखूश असेल तर हे बोलणं सोपं नाही, मला ठाऊक आहे. अशा वेळी एकटीनं न बोलता ग्रामसंघानं आठ-दहा घरांचे अर्ज एकदम न्यावेत. एकाचं बघून दुसरा तयार होतो.

गटासाठी आम्ही आमच्या प्रभागात जी पद्धत लावली ती सांगते. बैठक संपली, सह्या झाल्या की त्याच जागी इतिवृत्ताचं आणि कर्ज खतावणीचं त्या दिवसाचं पान, दोन्हींचे फोटो काढायचे. पानावरची तारीख, गटाचं नाव आणि सह्या फोटोत आल्याच पाहिजेत, नुसते आकडे आले तर ते कुणाचे हे वर्षानं कुणालाच सांगता येत नाही. फोटो तिघींच्या मोबाइलवर जातात. अध्यक्ष, सचिव, आणि तिसरी मुद्दाम दुसऱ्या वस्तीवरची किंवा उंचावर राहणारी. प्रत्येक सभासदाचं वैयक्तिक पासबुक त्याच बैठकीत भरून तिच्या हातात द्यायचं, पेटीत ठेवून घ्यायचं नाही. म्हणजे खतावणी गेली तरी दहा पासबुकांवरून ती पुन्हा लिहिता येते. सीआरपी ताई मोबाइलच्या ॲपवर नोंद भरत असतील, तर भरली का ते विचारायचं आणि दाखवायला सांगायचं. बँकेत सही करणाऱ्या तिघी एकाच वाड्यातल्या असतील तर बदलून घ्या. पूर आला तर तिघीही एकदमच अडकतील.

आणि मे महिन्यातल्या ग्रामसभेत, गावाच्या आपत्ती आराखड्याचा विषय लेखी अर्ज देऊन घ्यायला लावा. तो वाचून दाखवायला सांगा. त्यात गरोदर आणि बाळंतीण, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, अपंग यांची यादी कुणाकडं आहे ते विचारा. अंगणवाडी, रेशन आणि पेन्शन बंद पडलं तर किती दिवसांत, कुठून सुरू होणार, हे त्यात लिहून घ्या. गावात खबर ने-आण करायला दोन बायकांची नावं त्यात घाला, आणि ती नावं तहसीलीतल्या आपत्ती कक्षात कळवा. मग एक रंगीत तालीम करा. पाणी आलं असं धरून, फोन न वापरता, या दोघींनी गावभर निरोप द्यायचा, किती वेळ लागतो ते बघायचं. आमच्याकडच्या एका गावात पहिल्या तालमीला दोन वस्त्यांवर निरोप पोचलाच नाही, कारण ओढ्यापलीकडं जायला कुणी नव्हतं. तिसरी बाई ओढ्यापलीकडची घेतली.

जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा फोन १०७७, राज्याचा १०७०, रुग्णवाहिकेचा १०८. हे आकडे मोबाइलमध्ये ठेवा आणि चुलीमागच्या भिंतीवर खडूनं लिहा, मोबाइलची बॅटरी संपली तरी वाचता येतील. पुढच्या भागात पंचनाम्याच्या वेळी काय काय विचारतात आणि आपण कुठल्या कागदावर सही करण्याआधी तो वाचून घ्यायचा, ते बोलू. नमस्कार.